बालरोगतज्ज्ञांना खुलं पत्र: मेंदूला सूज यायच्या आधी ही एक रक्ततपासणी लिहा

महाराष्ट्रातल्या सगळ्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. कराडजवळच्या एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते, दोन मुलगे आहेत आणि दोघांनाही एक्स-लिंक्ड ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी म्हणजे एएलडी आहे. मोठ्याचा आजार कळला तेव्हा मेंदूतली सूज फार पसरलेली होती. धाकट्याचा कळला तेव्हा सूज आलेलीच नव्हती. आज मोठा पलंगावर आहे, नळीने जेवतो, आणि धाकटा पाचवीत आहे, सायकल घेऊन गावभर फिरतो. दोघांच्यात जीनची चूक एकच आहे, अक्षराचाही फरक नाही.

माझं मागणं एकच आहे म्हणून ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ओपीडीच्या गर्दीत पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढं तरी वाचावं. तुमच्याकडे एखादा मुलगा आला ज्याची ॲड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावरची, कॉर्टिसॉल हे हॉर्मोन बनवणारी) काम करत नाहीये आणि कारण सापडत नाहीये, किंवा असा मुलगा आला जो कालपर्यंत शाळेत बरा होता आणि तीन ते बारा या वयात अचानक मागे पडायला लागलाय, लक्ष लागत नाही, अक्षर बिघडलंय, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय, तर कृपा करून त्याच्या रक्तातली व्हीएलसीएफए म्हणजे व्हेरी लाँग चेन फॅटी ॲसिड्सची पातळी तपासायला लिहा. साधं रक्त लागतं, शक्यतो उपाशीपोटी. खर्च काही हजारांचा आहे. सॅम्पल मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवता येतं. आणि हे एमआरआयमध्ये डाग दिसल्यावर नको, त्याच्या आधी लिहा.

आधी का, हे मला माझ्या भाषेत सांगू द्या. तुम्हाला यातलं बरंच माहीत असेल, पण हे पत्र आईबापही वाचतील म्हणून लिहितेय.

एबीसीडी१ नावाचा जीन आहे, एक्स क्रोमोझोमवर. तो १९९३ साली सापडला. पेशीत पेरॉक्सिझोम नावाचा भाग असतो, तिथे ही लांबलचक फॅटी ॲसिड्स मोडली जातात, आणि त्यांना आत न्यायचं काम करणारं प्रोटीन या जीनवरून बनतं. जीनमध्ये दोष असला की ती आत जात नाहीत, मोडली जात नाहीत, साठत जातात, सगळ्यात जास्त नुकसान ॲड्रिनल ग्रंथीचं आणि मेंदू-मज्जारज्जूचं. साधारण १७,००० जन्मांमागे एकात हा दोष असतो असं धरतात. पण दोष असला म्हणजे प्रत्येक मुलाच्या मेंदूला सूज येतेच असं नाही. लहानपणी ज्यांच्या मेंदूत ही आग लागते ते साधारण ३५ ते ४० टक्के मुलगे, आणि कोणाला लागणार आणि कोणाला नाही हे आज जगात कोणीही आधी सांगू शकत नाही. रक्तातली पातळी किती जास्त आहे यावरून कळत नाही, म्युटेशन कोणतं आहे यावरूनही कळत नाही. एकाच घरातल्या दोन भावांत एकाला सात वर्षांचा असताना येते आणि दुसऱ्याला चाळिशीपर्यंत फक्त पाय ताठरायचा त्रास होतो, असं होतं. म्हणून दोष असलेल्या प्रत्येक मुलावर लक्ष ठेवायला लागतं, दुसरा मार्गच नाही.

आता ती सूज. आमच्याकडे उसाचा पट्टा आहे, उसाच्या फडाला आग लागलेली मी लहानपणापासून बघत आलेय. मधे राख, कडेने ज्वाळा, आणि ज्वाळेच्या पलीकडे हिरवा ऊस अजून उभा असतो, त्याला काही झालेलं नसतं. मोठ्याच्या एमआरआयची फिल्म डॉक्टरांनी लाइटवर लावून दाखवली तेव्हा मला तेच दिसलं. मागच्या बाजूला दोन्हीकडे पांढरा भाग, तिथलं मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण जळून गेलेलं, आणि कॉन्ट्रास्टचं म्हणजे डाग उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन दिल्यावर त्याच्या कडेने एक चमकती रेघ. ती रेघ म्हणजे चालू असलेली आग. तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध फुटलेला असतो आणि रक्तातल्या टी-सेल्स, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी आत शिरलेल्या असतात. मेंदूच्या स्वतःच्या ज्या राखणदार पेशी असतात, मायक्रोग्लिया, त्या त्या कडेलाच मरायला लागलेल्या असतात. बहुतेक मुलांच्यात हे मेंदूच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या पट्ट्याच्या, कॉर्पस कॅलोझमच्या मागच्या टोकाला, स्प्लेनियममध्ये सुरू होतं आणि तिथून बघण्याच्या-ऐकण्याच्या भागाकडे पसरतं. थोड्या मुलांच्यात पुढून सुरू होतं, आणि त्यांचं वागणं आधी बदलतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की पहिला छोटा डाग एमआरआयवर दिसतो तेव्हा मुलगा अगदी ठणठणीत असतो. पळतो, भांडतो, पाढे म्हणतो. लक्षणं येतात तेव्हा फड बऱ्यापैकी जळालेला असतो. आणि लक्षणं आल्यावर दोनेक वर्षांत मुलगा चालणं, बोलणं, बघणं, गिळणं सगळं घालवून बसतो.

ही आग थांबवायचा एक खात्रीचा म्हणावा असा इलाज आहे, दुसऱ्याच्या बोन मॅरोच्या पेशी देणं, म्हणजे स्टेम सेल ट्रान्सप्लांट. त्याने आजार थांबू शकतो हे १९९० साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका मुलात दाखवलं. दात्याच्या पेशी रक्तातून मेंदूत पोचतात, राखणदार पेशींची जागा घेतात आणि सूज थांबते. पण त्याला वेळ लागतो, ट्रान्सप्लांट झाल्यावर सहा महिने ते वर्ष. तेवढ्या काळात आग पुढे सरकतच असते. एमआरआयवरचं नुकसान मोजायला ० ते ३४ असा लोस स्कोअर असतो आणि साधारण ९ पर्यंत असेल, मुलाला लक्षणं नसतील किंवा अगदी किरकोळ असतील, तरच ट्रान्सप्लांटचा खरा फायदा होतो. पुढे गेलेल्या मुलाला ट्रान्सप्लांट केलं तर कधी कधी आजार उलट जोरात जातो. मोठ्याचा स्कोअर नऊच्या बराच वर होता. त्यांनी ट्रान्सप्लांट नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांनी बरोबर सांगितलं.

आता तो तिथपर्यंत कसा पोचला ते लिहिते. कुणाचं नाव घेणार नाही, कुणावर राग काढायला हे पत्र लिहिलेलं नाही, पण वाटेत कुठे कुठे थांबता आलं असतं ते तुम्हाला दिसलं पाहिजे.

पहिलं वळण मेंदूचं नव्हतंच. तो पाचेक वर्षांचा असल्यापासून साधा ताप आला तरी गळून जायचा, उलट्या व्हायच्या, ॲडमिट करायला लागायचं, सलाइन लावलं की दुसऱ्या दिवशी टवटवीत. कागदावर दर वेळी गॅस्ट्रो लिहिलेलं. त्या कागदांवर सोडियम कमी आणि शुगर कमी हेही लिहिलेलं आहे, माझ्या फाइलमध्ये आहेत सगळे. लोणच्यातला खार चाटायचा, मीठ नुसतं खायचा. आणि रंग. कोपरं, बोटांचे सांधे, हिरड्या, जुन्या जखमांचे व्रण काळे पडत चालले होते. घरात सगळे म्हणायचे उन्हात खेळतो म्हणून रापलाय, सासूबाई रोज अंघोळीआधी बेसन-हळद लावायच्या. डॉक्टरांना दाखवलं तर तेही म्हणाले ऊन आहे. आपल्याकडे मुलगा सावळा झाला तर त्यात आजार कोण बघतं. पण हिरड्यांना ऊन लागत नाही डॉक्टर. हे चित्र ॲडिसनचं, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी बंद पडल्याचं होतं, सकाळचं कॉर्टिसॉल आणि त्या ग्रंथीला चालवणारं हॉर्मोन एसीटीएच तपासलं असतं तर तिथेच सापडलं असतं. एएलडी असलेल्या मुलग्यांमध्ये साधारण निम्म्यांची ॲड्रिनल ग्रंथी दहा वर्षांच्या आत बिघडते, पुरुषांत पुढे आयुष्यभराचं धरलं तर ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बऱ्याच मुलांच्यात मेंदूच्या आधी शरीर ओरडून सांगत असतं. आणि ॲडिसन सापडलं तरी पुढचं पाऊल टाकलं जाईलच असं नाही, हेही मी बघितलंय. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी आई आहे जिच्या मुलाला हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच्या बदल्यात द्यायचं औषध सुरू होतं, नियमित तपासणी चालू होती, आणि एएलडीचं नाव ऐकलं ते मुलाला फिट आल्यावर. मुलगा आहे, ॲडिसन आहे, ग्रंथीवर शरीराने स्वतःच हल्ला केल्याची खूण असलेल्या अँटीबॉडी निगेटिव्ह आहेत, तर व्हीएलसीएफए करायलाच हवं, हे हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्येही आहे.

दुसरं वळण शाळा. दुसरीत असताना बाईंची चिठ्ठी आली की लक्ष देत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. अक्षर रेघ सोडून खाली जायला लागलं. वर्गात गोंगाट असला की सांगितलेलं कळायचं नाही, घरात शांततेत बोललं की कळायचं. कानाची तपासणी केली, नॉर्मल. चष्म्याचा नंबर काढला, नॉर्मल. नॉर्मल येणारच होतं, कारण कान चांगले होते, डोळे चांगले होते, बिघाड मागे मेंदूत होता. मग एकाने सांगितलं की एडीएचडी आहे, आणि गोळी सुरू झाली. एडीएचडी हा खरा आजार आहे, त्या मुलांना खरी मदत लागते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जन्मापासून चंचल असलेलं मूल आणि आठ महिन्यांपूर्वी शांत बसून चित्रं काढणारं आणि आता चित्रच काढू न शकणारं मूल, यात फरक आहे, आणि तो फरक विचारल्याशिवाय कळत नाही. आधी काय येत होतं आणि आता काय येत नाही, एवढा एक प्रश्न विचारा.

तिसरं वळण मला सगळ्यात जास्त टोचतं. डोळा तिरळा व्हायला लागला, दाराच्या चौकटीला धडकायला लागला, तेव्हा एमआरआय झाला आणि मेंदूला सूज आहे, व्हायरल नंतरची असेल, असं म्हणून ॲडमिट करून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. आणि मुलगा सुधारला! जेवायला लागला, उलट्या थांबल्या, हसायला लागला, आम्ही नारळ फोडला. आता मला कळतंय काय झालं ते. त्याच्या शरीराला कॉर्टिसॉल मिळत नव्हतं, ते इंजेक्शनने मिळालं म्हणून अंगात त्राण आलं. मेंदूतली आग स्टेरॉइडने थांबतच नाही, एएलडीत प्रतिकारशक्ती दाबायची औषधं बरीच वापरून बघितली गेलीत, त्यांनी ती थांबलेली नाही. त्या काही दिवसांच्या सुधारणेमुळे सगळ्यांना वाटलं की निदान बरोबर आहे, आणि आणखी काही महिने गेले. म्हणून विनंती आहे, मागच्या बाजूला दोन्हीकडे सारखा डाग आणि कडेने चमक असा एमआरआय मुलग्याचा आला तर स्टेरॉइड सुरू करायच्या आधी कॉर्टिसॉलचं आणि व्हीएलसीएफएचं रक्त काढून ठेवा. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात.

आणि एक प्रश्न कोणीच विचारला नाही. घरात कोणाला असं काही होतं का, हे विचारलं, पण प्रत्येक वेळी ह्यांच्याकडे बघून विचारलं, वडिलांकडच्या माणसांचं. माझा मोठा भाऊ नऊ वर्षांचा असताना गेला. मी तेव्हा खूप लहान होते. आमच्याकडे म्हणायचे मेंदूत ताप गेला. आधी आंधळा झाला, मग पडून राहिला. हे मला तोंडपाठ होतं, कोणी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. हा आजार आईकडून येतो, म्हणून मुलाच्या मामांचं विचारा, आईच्या मामांचं विचारा, लहानपणी गेलेल्या मुलग्यांचं विचारा. गावाकडे प्रत्येक घराला असे गेलेले माहीत असतात, नाव वेगळं असतं एवढंच. आणि आईलाही विचारा, तुझे पाय जड होतात का, जिना चढताना अडखळतेस का, लघवीला धरवत नाही का. वाहक बायकांपैकी, म्हणजे ज्यांच्या एका एक्सवर हा दोष असतो त्यांच्यापैकी, बहुतेकींना वय वाढेल तसा हा त्रास होतो, माझा सुरू झालाय, आणि मी कित्येक वर्षं ते गुडघ्याचं दुखणं समजून तेल चोळत होते. वाहक बाईत रक्तातली व्हीएलसीएफए नॉर्मल येऊ शकते, म्हणून तिची जीनची टेस्ट करायला लागते, हेही लक्षात ठेवा.

सांगताना मात्र जरा जपून सांगा. मला हे वॉर्डच्या दारात, सासरच्या सगळ्या माणसांसमोर सांगितलं गेलं, हे आईकडून आलेलं आहे म्हणून. एवढंच वाक्य. त्यात चूक काही नव्हतं, पण त्या वाक्याने पुढचं वर्ष मला घरात काय काय ऐकायला लागलं ते मी इथे लिहीत नाही. आधी दार लावून नवरा-बायकोला बसवा, जीनवर कोणाचा ताबा नसतो हे नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या, तुमचा शब्द घरात चालतो, सुनेचा चालत नाही. हे नीट सांगितलं नाही की घराणं गप्प होतं. माझ्या एका मावसबहिणीला दोन मुलगे आहेत, ती टेस्ट करायला तयार नाही, कारण तिच्या नणंदेचं लग्न ठरायचंय आणि घरात आजार आहे हे बाहेर जायला नको. माझी सख्खी बहीण तयार झाली, आणि तिच्या मुलात दोष नाही असं कळलं तेव्हा आम्ही दोघी फोनवर नुसत्या रडत होतो. एक मुलगा सापडला की त्याच्या आईच्या बाजूचे सगळे मुलगे तपासले पाहिजेत. पण हे पत्रिकेसारखं लपवलं जातं, आणि ते उघडायला एखादा डॉक्टर लागतो जो स्वतः म्हणेल, तुमच्या बहिणीला पण माझ्याकडे घेऊन या.

धाकट्याचं आता सांगते. मोठ्याचं निदान झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी धाकट्याचं रक्त घेतलं, हे मी कधी विसरणार नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कॉर्टिसॉलही कमी निघालं, लगेच हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं, ताप आला तर डोस किती वाढवायचा, उलटी झाली तर इंजेक्शन कुठे टोचायचं हे मला शिकवलं. आणि एमआरआय सुरू झाले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं म्हणणं असं आहे की दोन वर्षांच्या आसपास पहिला, मग तीन ते बारा या वयात दर सहा महिन्यांनी कॉन्ट्रास्ट देऊन, आणि पुढे वर्षातून एकदा. दर सहा महिन्यांनी आम्ही पुण्याला जायचो, रिपोर्ट हातात येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही. सहा वर्षांचा होता तेव्हा एकदा स्प्लेनियममध्ये बारीकसा डाग आला, कडेला चमक. त्या दिवशी हा पठ्ठ्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये इतर पोरांशी पकडापकडी खेळत होता. कोणी बघून म्हणालं नसतं की याच्या मेंदूत काही सुरू झालंय.

मोठा भाऊ दाता होऊ शकत नव्हता, त्याला तोच आजार. मी वाहक, माझ्या पेशी शक्यतो घेत नाहीत. रजिस्ट्रीत पूर्ण जुळणारा कोणी सापडला नाही. मग ह्यांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवर ट्रान्सप्लांट झालं, ते आता आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी करतात. सोपं नव्हतं, इन्फेक्शन झालं, तोंडात फोड आले, पोरगं पाण्याचा घोट घेईना. नंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये डाग थोडा वाढलेलाच दिसला, असं होणार हे आधी सांगितलं होतं तरी माझे हातपाय गार पडले. त्यानंतरच्यात तो थांबला. चमक गेली. आजपर्यंत थांबलेला आहे. ट्रान्सप्लांटने ॲड्रिनल सुधारत नाही, त्याची गोळी जन्मभर आहे. मोठेपणी पायांचा त्रास येईल का माहीत नाही, तो ट्रान्सप्लांटने टळतो असं कोणी म्हणत नाही. पण तो वाचतोय, लिहितोय, भूगोलात त्याला चांगले मार्क पडतात.

इथे आईबापांसाठी थोडं लिहिते, कारण निदान झाल्याच्या रात्री सगळे गुगल करतात. लोरेन्झो ऑइल नावाचं तेल आहे, त्याने रक्तातली पातळी खाली येते, पण मेंदूत सुरू झालेली आग थांबत नाही. तुपाशिवाय, तेलाशिवाय जेवण देऊनही थांबत नाही कारण ही फॅटी ॲसिड्स मुख्यतः शरीर स्वतःच बनवतं. जीन थेरपी आहे, पॅरिसला दोन मुलांवर केलेल्या पहिल्या प्रयोगाचे निकाल २००९ साली आले, आणि अमेरिकेत २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली, किंमत ३० लाख डॉलर, म्हणजे आपल्या तर हिशोबात बसतच नाही. शिवाय ट्रायलमधल्या ६७ मुलांपैकी २०२४ पर्यंत ७ जणांना पुढे रक्ताचे कॅन्सर किंवा तसले आजार झाले. त्यामुळे आज तरी दाता शोधून केलेलं ट्रान्सप्लांट हाच मार्ग आहे. आणि पाठीत स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन मेंदू बरा करतो म्हणणारी क्लिनिकं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्यांच्यावर शेत विकू नका.

डॉक्टर, पैशांचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण बरेच जण मनात म्हणतात की निदान करून तरी काय, गरीब माणूस करणार काय. केंद्राचं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ साली आलं. एएलडी त्यात पहिल्या गटात आहे, एकदाच इलाज करून थांबवता येणाऱ्या आजारांत. सेंटर ऑफ एक्सलन्स म्हणून त्यासाठी नेमलेल्या हॉस्पिटलांमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक सेंटर आहे. पण त्याच धोरणात एएलडीपुढे अट लिहिलेली आहे, आजार सुरुवातीच्या टप्प्यात हवा, मेंदूची ठळक लक्षणं यायच्या आधी. अट बरोबरच आहे, उशिरा केलेल्या ट्रान्सप्लांटचा उपयोग नाही. पण याचा अर्थ असा होतो की सरकारने ठेवलेला तो पैसा फक्त त्याच मुलाला मिळणार ज्याला लक्षणं नसताना कोणीतरी शोधलंय. लक्षणं नसलेला मुलगा केईएमला स्वतःहून कसा जाईल? तो तुमच्याकडेच येणार, तापाला, उलट्यांना, काळवंडलाय म्हणून, अभ्यासात लक्ष नाही म्हणून, इस्लामपूरला, परभणीला, चोपड्याला. तुम्ही लिहिलेल्या एका चिठ्ठीवर ते ५० लाख अवलंबून आहेत.

खरं तर जन्मल्याबरोबर टाचेच्या रक्तावरून हे कळू शकतं. न्यू यॉर्क राज्याने २०१३ च्या शेवटी प्रत्येक बाळाचं एएलडीसाठी स्क्रीनिंग सुरू केलं, २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शिफारस यादीत ते आलं, नेदरलँड्समध्ये मुलग्यांचं होतं. आपल्याकडे देशभराचा नवजात स्क्रीनिंगचा कार्यक्रमच नाही. गोव्याने २००८ साली सरकारी हॉस्पिटलमधल्या बाळांसाठी इतर काही जन्मजात आजारांचं स्क्रीनिंग सुरू केलं होतं, म्हणजे आपल्या शेजारी हे करून बघितलेलं आहे. महाराष्ट्रात ते व्हावं असं मला फार वाटतं, आरोग्य खात्याला मी वेगळं लिहिलंय. पण त्याला किती वर्षं लागतील कोणास ठाऊक, आणि जे मुलगे आज पहिली-दुसरीत आहेत त्यांच्यासाठी ते येणारच नाही. त्यांच्यासाठी तुम्हीच आहात. शाळेत तपासणीला येणारी आरबीएसकेची म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम असते, तो कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता, त्या डॉक्टरांनाही माझं हेच सांगणं आहे की वजन, दात, डोळे बघताना बाईंना एक विचारा, कोणता मुलगा आधी हुशार होता आणि यंदा घसरलाय. आणि त्या मुलाच्या हिरड्या बघा.

एएलडी हा एकच आजार नाही हे मला माहीत आहे. एमएलडी आहे, क्रॅबे आहे, सॅनफिलिपो, बॅटन आहे, आमच्या ग्रुपवर त्या मुलांचे आईबाप आहेत, त्यांच्यातही मेंदूत सूज असते, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि काहींना तर अजून इलाजच नाही. शिकलेलं विसरणारं कुठलंही मूल तातडीचं समजून पुढे पाठवा, मुलगा असो मुलगी असो. मी एएलडीवर भर देतेय कारण यात इलाज हाताशी आहे, टेस्ट स्वस्त आहे, आणि तरी मुलं जातायत.

आता ठोस मागते. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या महाराष्ट्र शाखेने महापेडिकॉन या आपल्या परिषदेत अर्धा तास या विषयाला द्यावा, एक हॉर्मोनचे डॉक्टर, एक न्यूरोलॉजीचे आणि एक ट्रान्सप्लांटचे एकत्र बसवून, कारण आमची मुलं या तिघांच्या मधल्या फटीत पडतात. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्याकडे हायड्रोकॉर्टिसोनवर असलेल्या मुलग्यांची नावं काढावीत आणि ज्यांची व्हीएलसीएफए झालेली नाही त्यांची याच महिन्यात करावी. ही यादी फार मोठी नसेल, एका जिल्ह्यात एका बैठकीत होऊन जाईल. आणि पॉझिटिव्ह निघालेल्या मुलाला कुठे पाठवायचं, एमआरआय कोण वाचणार, आईचं समुपदेशन कोण करणार याचा एक कागद तयार करून प्रत्येक ओपीडीत लावावा.

माझ्याकडे मोठ्याचे सगळे कागद आहेत, पहिल्या गॅस्ट्रोच्या डिस्चार्जपासून शेवटच्या एमआरआयपर्यंत, तारखेप्रमाणे लावलेले. दुसरीतल्या वह्या आहेत, जून ते फेब्रुवारी अक्षर कसं बदलत गेलं ते पानापानावर दिसतं. धाकट्याच्या फिल्मही आहेत. तुमच्या सभेत, पीजीच्या विद्यार्थ्यांच्या क्लासला, जिल्हा शाखेच्या मीटिंगला, जिथे बोलवाल तिथे मी ते घेऊन येईन, नाव झाकून झेरॉक्स वाटायलाही माझी परवानगी आहे. रविवार असेल तर बरं पडेल, त्या दिवशी मोठ्याजवळ बसायला माझी बहीण येते.

आपली,
एएलडी असलेल्या दोन मुलांची आई, कराड